तिसरा लायनर

हेड उतरवलं, पिस्टन पोत्यावर टेकवले,
मग कवडू मिस्त्रीनं थैलीतून काढली चकती,
मॅटाडोरच्या पाट्यातून कापलेली,
तीन दिवस ग्राइंडरवर घासून मापात आणलेली.
कंपनीचा पुलर अकोटात मिळतो म्हणे.
"मिळू दे."

चकती तिरपी सोडायची,
खाली गेली की आडवी करायची,
मधून विहिरीवरच्या पंपाचा आटेवाला रॉड,
वर चॅनलचा तुकडा, वायसर, नट, ग्रीस.
अन् मग पाना.
पाव फेरा. थांब. पाव फेरा.

दोन निघाले मुकाट.
तिसरा हलेना.
प्रतिभावैनीनं कडेनं डिझेल ओतलं, रात्रभर मुरू दिलं.
सकाळी मी पान्यात पाइप घालून लोंबकळलो
तर रॉडच वाकू लागला.
"झटका नोको देऊ बे.
त्याले वाटलं पायजे
का थो सोताच निंगून रायला."

दुपार कलल्यावर कुठंतरी खोल
वाळली शेंग तडकल्यासारखं झालं
आणि बोटभर वर आला काळा गळा.

बाहेरून पाहतो तर पांढरा थर, नखभर जाड.
एकवीस वर्षं आमचंच खारं पाणी
प्यालं होतं इंजिन.
मिस्त्रीनं थोडं खरवडून जिभेला लावलं,
थुंकला,
हात कमरेवर गेला, जिथं दरसाल
त्याचा खडा उठतो.
"याले तं चकती भेटली."

चौथ्यापुरता उजेड उरला नव्हता.
चकती पैजाम्याला पुसून
त्यानं थैलीत टाकली,
कपबशी हातात घेतली आणि विचारलं,
"चाहात पानी कोनतं टाकलं वं?"