चुकीचा फर्मा

खणभागात माझं दुकान, दोन पत्र्यांच्या मधे.
वाचनालयातून पोतं येतं महिन्याच्या पाच तारखेला:
कणा मोडलेली, कान दुमडलेली,
कुणाच्या चहाचं वर्तुळ, कुठल्या पुराची आडवी रेघ
अंगावर घेऊन आलेली.
मी ती विषयानं लावत नाही, जाडीनं लावते.
बोटभर मानसशास्त्र, दोन बोटं इतिहास.
स्वयंपाकाचं कायम तेलकट, सुई आपोआप सरकते.

सासऱ्यांनी शिकवलं: सोळा पानांचा एक फर्मा,
मधोमध दाभण, तीन भोकं, दोरा मेणातून ओढायचा.
खळ वाळेपर्यंत हात रिकामे,
तेवढ्यात दिसेल तेवढं वाचायचं.
म्हणून माझं सगळं शिक्षण मधूनच सुरू होतं.
मत्सर मला ठाऊक आहे पान एकशे तेरापासून,
त्याचं कारण आधीच्या फर्म्यात होतं, तो वाळत होता.
तारे विझतात कसे ते माहीत, पेटतात कसे ते नाही.
एका कादंबरीतली बाई घर सोडून
स्टेशनावर उभी आहे, आठ वर्षं झाली.
गाडी पुढच्या फर्म्यात असणार.
पुस्तक परत गेलं.

गेल्या रमजानात, रोजा सुटायच्या घाईत,
मनाच्या पुस्तकात, रागाच्या प्रकरणाच्या पोटात
मी कुक्कुटपालनाचा फर्मा शिवून टाकला.
आकार तोच, कागद तोच पिवळट.
मला पत्ता नाही.

तीन आठवड्यांनी भूपाल मगदूम दारात.
हळदीच्या अडतीवर दिवाणजी, बोटं जन्माची पिवळी;
पानांच्या कोपऱ्यावरचे त्यांचे ठसे
मी कितीदा शिळ्या पावानं पुसलेत.
पुस्तक उघडून समोर धरलं. माझे कान तापले.
म्हटलं, द्या, दुपारपर्यंत उसवून देते.
"थांबा ओ," म्हणाले, "आमच्या घरात अंड्याचं नाव काढत न्हाईत,
आणि तुम्ही आख्खं खुराडं दिलंय माझ्या हातात."
मग खुर्ची नको म्हणत उंबऱ्यावरच बसले.

धाकटा भाऊ, धन्यकुमार. अंगण एक, मधे भिंत,
नळाच्या पाळीवरून चार वर्षं वैर.
पुस्तकात लिहिलेलं, मूळ बालपणात शोधा.
शोधलं. सापडलं ते आणखीच चीड आणणारं.
पान उलटलं, तर:
*पक्षी एकमेकांना टोचू लागले तर आधी जागा मोजा.
उजेड कमी करा. पाण्याची भांडी वाढवा.
जखमी पक्षी वेगळा ठेवा,
पण इतरांना दिसेल असा.*

"हसायला आलं न्हाई," म्हणाले. "झोपच लागंना.
सकाळी अर्ज करून दुसरा नळ घेतला.
अंगणातला हॅलोजन काढला, साधा बल्ब लावला.
बोलत न्हाई अजून तो.
पण परवा भिंतीवर एक पेरू होता.
पडलेला का ठेवलेला, सांगता येत न्हाई.
मी खाल्ला."

उसवू देईनात.
म्हणाले, पुढच्यालाही लागंल.
म्हटलं, अहो, आणि रागाची सोळा पानं
तिकडं कोंबड्यांच्या पुस्तकात गेली त्याचं काय?
रजिस्टर बघितलं: बेडगचे कुणी गृहस्थ घेऊन गेलेत.
मुदत संपली, पुस्तक नाही आलं.

त्या रात्री मी माझी जागा मोजली.
थोरली, तबस्सुम, पुण्यात. दिवसाला माझे तीन फोन:
जेवलीस का, पोचलीस का, आवाज असा का.
मधले दोन सोडले.
पहिल्या दिवशी बोटं नुसती पुठ्ठ्यावर वाजत राहिली.

शिवणीपाशी बोटभर कोरं सोडायचं, सासरे म्हणायचे,
अक्षर शिवणीत गेलं की पुस्तक उघडतं,
वाचता येत नाही.
तीस वर्षं मला वाटलं, कागदाचंच बोलतायत.

गुरुवारी फोन वाजला. तिचा, तिनं लावलेला.
दोन्ही हात खळीत.
कोपरानं उचलला.