नमुना नंबर चौदा

पारोळ्याच्या तहसीलबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. एक भिंग, एक पंखा, वीज असली तर फिरणारा,
आणि पुठ्ठ्यावर स्केचपेननं: मोडी वाचून मिळेल.
ओळीमागे चाळीस रुपये.
फाटक्या ओळीलाही तेवढेच,
खरं तर तिला डोळे जास्त लागतात.

काल भोणखेड्याचा दुर्गेश आला.
पॉलिटेक्निकची यादी सोमवारी.
मोबाइलमध्ये पानाचा फोटो, कडेला कारकुनाचा अंगठा.
"मावशी, जात काय लिखेल शे, तितलंच सांगा."

तितलंच कसं सांगू?
मोडीत शब्द सुटे नसतात, बाबा.
आधी आडवी रेघ ओढतात, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
दोरी बांधावी तशी,
मग तिच्यावर अख्खं गाव वाळत घालतात.
कुठं एक माणूस संपला, कुठं दुसरा सुरू झाला,
ज्याचं त्यानं ओळखायचं.
ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही.
दिन आणि दीन, एकाच फटकाऱ्यात.

भिंग धरलं. उखर्डू बिन सुपडू.
पोराला हसू आलं. "हाई काय नाव शे?"
म्हटलं, याच्या आधीची दोन-तीन गेली असतील.
याला नेऊन ठेवला असेल घटकाभर उकिरड्यावर,
काळाला वाटावं, टाकून दिलंय, काय न्यायचं.
ते नाव लागू पडलं,
म्हणून तू इथं उभा आहेस, मोबाइल घेऊन.
तो बोलला नाही. पंख्याकडे थोडा सरकला.

आईच्या नावावर वाळवीचं भोक.
भागा असेल, गंगा असेल, शेवटचा काना तेवढा शिल्लक.
मी लिहिलं: वाचता येत नाही.
अंदाज लिहायचे नाहीत, एवढं एक पाळते.

त्याचा शब्द सापडला. शाई फुटलेली, पण सापडला.
तो शिक्क्यासाठी पळाला,
मी मूळ वही ताडून बघायला रेकॉर्डरूममध्ये.
लाल रुमाल सोडला की अजून वाळू सांडते,
ओली शाई टिपायला भुरभुरलेली, शंभर वर्षांची,
बोटाला लागते, कचकचते.

ही वही लिहिणारा माझ्या ओळखीचा आहे.
नाव कुठंच नाही त्याचं. मी डावऱ्या म्हणते,
त्याचा प्रत्येक काना डावीकडे कलतो,
उन्हातून चाललेल्या माणसासारखा.
बोरू बोथट झाला की चिडतो, ते कळतं.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अक्षर जड येतं, तेही.

सन अठराच्या आश्विनात तो धावतो.
एका दिवसात अकरा, मग सतरा.
कारणाच्या रकान्यात मानमोडी, मानमोडी,
पुढं नुसतं मा,
पुढं नुसती टिंबं.
खबर देणारा: भाऊ. शेजारी. शेजारी. कोणी नाही.

आणि मध्येच एक ओळ बालबोध.
सबंध वहीत एकच.
सुट्या अक्षरांची, प्रत्येक शब्दाला वेगळी रेघ,
ऱ्हस्व ते ऱ्हस्व, दीर्घ ते दीर्घ,
शाळेत पाटीवर गिरवावी तशी.
चंपी. वय साडेतीन वर्षे.
कारण कोरं.
खबर देणारा: स्वतः.
काना तोच, डावीकडे कललेला.

खालच्या ओळीत पुन्हा मोडी, पुन्हा पळापळ.
त्याच तारखेचे आणखी चौदा.

ही ओळ कोणी माझ्याकडे आणत नाही.
तिला मी लागतच नाही.
दुर्गेशनंही फोटो मोठा करताना
तिच्यावरून बोट फिरवलं असेल.

तो परत आला तेव्हा पाच वाजून गेले होते.
"कितला झाया?"
एका ओळीचे चाळीस, म्हटलं.

रुमाल बांधण्याआधी मात्र मी दर वेळी बोटं लावून मोजते.
वाळवी चंपीपासून अजून चार बोटं लांब आहे.
मागच्या दिवाळीत पाच होती.