पोटखराबा

उमदीच्या अलीकडं डांबरी संपते
आणि नकाशातली शीव सुरू होते.
सव्वीस वर्षं या तालुक्यात साखळी ओढली.
आता यंत्र आलंय, तिपाईवर उभं राहून
आभाळाला विचारतं, हद्द कुठं.
मला अजून बांधावरचं निवडुंगच बरं वाटतं.

गट नंबर दोनशे अकरा, सावळगी.
चन्नाप्पा आणि इराप्पा, चुलतभाऊ.
वाटप. सरकारी मोजणी. फी भरलेली.
डाळिंबाच्या ओळी सरळ येता येता
मधेच वळसा घेतात,
ठिबकची नळीसुद्धा वाकून जाते,
जेवत्या पंगतीमागून
पोरानं जावं तशी.

आत नऊ समाध्या.
कुसळ, मुंगसाचं बीळ, एक वाळकं बोरीचं झुडूप.
सगळ्यात जुनी म्हणजे नुसता दगड,
वर नांगर कोरलेला, बोटानंच कळतो.
हा मलकाप्पा. ही माळ त्यानं पहिल्यांदा फोडली.
विजापुराकडून आला म्हणतात,
बायको, एक बैल,
गाडग्यात शाळूचं बी.
बैल एकच होता.
जुवाच्या दुसऱ्या अंगाला कोण होतं
ते घरात कुणी सांगत नाही.
शेजारच्या दगडावर नाव नाही,
बांगडीएवढा गोल आहे फक्त.

पुढं पाच लहान दगड, एकमेकांना खेटून.
मानमोडीच्या साली एका आठवड्यात गेलेले.
एकापुढं कुणीतरी कालपरवा
बिस्कीट ठेवलंय,
अर्धं मुंग्यांनी नेलं.

शेवटच्या दोन सिमेंटच्या,
वर रंगवलेला नंदी, पांढरी फरशी.
एकीवरची तारीख चुकली म्हणून
खिळ्यानं खरवडून दुरुस्त केलेली.

सकाळपासून भाऊ विहिरीवरून भांडले,
बांधावरच्या बाभळीवरून,
मोटारीच्या पेटीवरून तर अंगावर धावले.
माझी रेघ समाध्यांवर आली
तेव्हा दोघांनी चपला काढल्या
आणि एकमेकांकडं बघेनात.
"तुमच्यात धरा."
"नको, तुमच्यातच असू द्या."
दोघांनाही नको होतं, का दोघांनाही हवं होतं,
ते यंत्रात येत नाही.

तेवढ्यात काठी टेकत गौराव्वा आली,
दोघांची चुलती, कमरेला चंची.
नवऱ्याच्या फरशीशेजारी मोकळी जागा होती,
तिथं मांडी घालून बसली.
पाठ ताठ. डावा तळहात छातीपाशी उघडा,
लिंग धरायचं तसा.
"हे पण मोज, सायबा.
आम्ही मातीत निजत न्हाई, बसतो.
बसल्या माणसाला किती लागतंय?"

चेनमननं टेप धरली.
चार फूट बाय चार.
टेप गुडघ्यापाशी आली तसा
तिनं पदर आवरून घेतला,
उगीच मापात येईल म्हणून.
उठताना माझा हात मागितला.
"खाली गार हाय," म्हणाली,
"उन्हाळ्याचं बरं."

संध्याकाळी कचेरीत रकाने भरले.
लागवडीलायक, चार हेक्टर बारा आर.
पोटखराबा, दोन आर.
नाला, वाट, खडक, विहीर,
पिकत नाही ते सगळं याच रकान्यात घालतो आम्ही.
हजारदा लिहिलेला शब्द.
आज 'पोट' लिहून झालं
आणि चहा आला, म्हणून थांबलो,
असं समजू.

माझं घर इस्लामपुरात, दुसऱ्या मजल्यावर.
आमच्यात जाळतात.
वडलांना कृष्णेत सोडलं,
ते पाणी पुढं कुठल्या गटात गेलं
त्याचा उतारा निघत नाही.

चार दिवसांनी इराप्पाचा फोन.
"साहेब, तुमची एक खुंटी राहिलीय समाधीत.
काढली असती,
पण चुलतीनं तिच्यावर चंची अडकवलीय."