भाग दुसरा

सत्त्याऐंशी जीबी.
दोन रात्री उतरत होता कुडचड्यात.
मध्ये तीनदा वीज गेली,
तरी मी जागाच, चौतीस वर्षांचा बाप्या,
उशाला पाण्याची बाटली,
जणू घरात कुणी आजारी आहे.

'काळं बेट', भाग दुसरा.
अकरा वर्षं वाट पाहिली याची.

सुरुवात होडीत. तेव्हाही होडीतच होती.
धुकं. धक्का. धक्क्यावर तोच कंदीलवाला,
म्हणतो, "उशीर केलास, परक्या."
आवाज थोडा घोगरा झालाय, एवढंच.
तेवढा तर माझाही झालाय.

डावीकडचं तिसरं पिंप फोडलं:
सुरी.
लोहाराच्या मागच्या गल्लीत कुत्रं भुंकलं,
मी म्हटलं, आता मांजर पळणार.
मांजर पळालं.
केसन्केस मोजता येतो आता त्या मांजराचा.
चार हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये
केसांचे.

वैतागून बाहेर बलकांवात येऊन बसलो.
लांब नदीत एक बार्ज, गंज चढलेला,
शेजारचे सोयरू खाली कुणाला तरी सांगत होते,
यंदा पावसाळा सरला की खाण सुरू होणार, नक्की.
हे मी पहिल्या भागातही ऐकलं होतं.

पहिला भाग आग्नेलच्या दुकानात खेळलो,
मासळी बाजाराच्या मागं, तासाला वीस रुपये.
पंखा एकच, तो आग्नेलच्या तोंडावर.
फोंडू आणि मी एका खुर्चीत,
अर्धं अर्धं बूड टेकून,
एकाचे हात चालायचे, दुसऱ्याचं तोंड,
मिरची भज्यांच्या तेलानं बटणं निसरडी.
फोंडूला रस्ते कधी पाठ झाले नाहीत,
त्याला भोकं सापडायची.
गिरणीच्या भिंतीत एक जागा होती,
तिरकं धावत गेलं
की भिंत आत घ्यायची.

आत काही नव्हतं.
खजिना नाही, राक्षस नाही,
करडा उजेड, पायाखाली जमीनसुद्धा धड नाही.
बनवणाऱ्यांची चूक होती ती.
फोंडू म्हणायचा, "हांगा कोण येवचो ना रे,"
आणि तास संपेपर्यंत आम्ही तिथंच,
बाहेर सगळं बेट आम्हाला शोधत.

मग फोंडू शिपार गेला.
कुठल्या कुठल्या समुद्रांत
लोकांच्या चादरी बदलतो.
आठ महिने तिथं, दोन इथं,
इथल्या दोनांत कौलं, सासुरवाडी, दातांचा डॉक्टर.

परत आत गेलो. थेट गिरणीकडं.
भिंतीवर शेवाळ आलंय नवं,
ओलं, फार सुरेख,
हात लावावासा वाटेल असं.
तिरका धावलो.
थाड.
जरा डावीकडून.
थाड.
वाकून, उडी मारून, पाठमोरा.

अकरा वर्षं शेकडो माणसं
रात्ररात्र बसली असतील कुठल्याशा काचेच्या इमारतीत,
कंदीलवाला तसाच ठेवला, पिंप ठेवलं, मांजर ठेवलं,
आणि शोधून शोधून
एवढी भिंत दुरुस्त केली.

फोंडूचे मेसेज आले, बोटीवर नेट लागलं की येतात तसे,
सगळे एकदम:
मिळाला?
कसाय?
गिरणी आहे?
आणि एक अंगठा, चुकून पडलेला.

मी लिहिलं, तोच आहे रे. डिट्टो.
गिरणीचं लिहिलं नाही.

पडद्यावर माझा माणूस
बटण कुठंतरी अडकल्यामुळं
भिंतीला नाक लावून चालतोच आहे,
पाय उचलतोय, टेकवतोय, जागच्या जागी.
खाली पोदेराचा भोंगा वाजला.
उठायला हवं,
पाव संपतात.