पोटखराबा

गट नंबर एकशे तेरा, मौजे तळेशेत.
उताऱ्यावर एवढंच : पोटखराबा, वर्ग अ,
लागवडीस अयोग्य.
म्हणून मोजणीला मी उशिराच निघालो.
होडीने खाडी ओलांडली तेव्हा ओहोटी लागली होती,
तिवरांची मुळं उघडी,
आणि दाऊद मुकादम वल्हं टेकून म्हणाला,
"साहेब, वर काय मोजणार? वर तर कातळ."

गमरे गुरुजी पुढे.
निवृत्त झाल्यापासून चालण्यात घाई नाही.
करवंदीच्या जाळीत सदरा अडकला की
थांबून, हळूच सोडवून घेत,
जशी पोराच्या पाटीवरची चुकलेली मात्रा पुसावी.
मग एकदम झाडी संपली
आणि डोंगराने तोंड उघडलं.

मी आधी उंची घेतली. सवय.
दार : दोन मीटर दहा.
आत वाघळांचा आंबूस वास,
भिंतीला लागून झोपायचे दगडी ओटे,
उशीकडची बाजू बोटभर उंच.
कुणीतरी कुणाच्या तरी मानेचा
विचार केला होता.

मधोमध स्तूप. छत्र गेलेलं.
पोटाला भगदाड. धनाच्या आशेने
कुणी पहार घातली,
आणि दगडाच्या आत दगडच निघाला.
एका अंगाला वाळलेला शेंदूर,
दुसऱ्या अंगाला मेणाचे ओघळ, निळे, पांढरे.
"शेंदूर वरच्या वाडीचा," गुरुजी म्हणाले,
"ते ह्याला पांडवांचं जातं म्हणतात.
मेण आमचं."
"भांडण?"
"होतं. माझ्या बापाचं डोकं फुटलं होतं इथं.
आता पौर्णिमा आमची, अवस त्यांची."
मी वहीत लिहिलं :
व्यास एक मीटर ऐंशी.

लेख दाराच्या डाव्या हाताला,
खाऱ्या वाऱ्याने चाटून चाटून गुळगुळीत.
गुरुजींनी चष्मा कपाळावर नेला,
डोळे मिटले, आणि बोटांनी वाचला.
"साठीनंतर शिकलो ही लिपी, नातवाबरोबर.
तो कंटाळला. मी राहिलो."
बोट एका खळग्यात थांबलं.
"माळ्याची बायको… नाव गेलंय…
पोढी… देयधम."
म्हणजे?
"पाण्याचं टाकं दिलं. दान."
कोणाला?
"ते लिहिलेलं नाही. किंवा तेही गेलंय."

बाहेर, पायऱ्या संपतात तिथं,
बारकी हिलम कळशी भरत होती.
वैशाख उतरणीला, गावच्या विहिरींचा तळ वर आलेला,
टँकर पलीकडच्या धक्क्यापर्यंतच येतो.
टाक्याच्या काठाला दोराच्या खाचा.
मी मोजल्या : एकोणीस.
तिचा दोर तिसरीतून खाली गेला,
न बघता,
जशी जीभ पडलेल्या दाताच्या जागी जाते.
"कोणाचं गं हे टाकं?"
"कोणाचं म्हंजे?" ती म्हणाली. "पाण्याचं."

मी वाकून फीत सोडली.
आत माझं डोकं, त्याच्यामागे आभाळाचा तुकडा,
दोन्ही हलले, मोडले,
आणि फितीला तळ लागेना.
खोलीपुढची जागा वहीत
अजून कोरी आहे.

वर्ग ब म्हणजे रस्ता, पाणवठा, मसणवटा,
जे सगळ्यांच्या उपयोगाचं.
अ चा ब करायचा अधिकार मला नाही.
अर्ज लागतो, पंचनामा, तीन प्रती,
आणि अर्जदाराचं नाव.
होडीत बसल्यावर मी शिसपेन काढली,
माळ्याची बायको, असं लिहिलं,
पुढे थोडी जागा सोडली.

मान वर केली तर गुरुजी काठावर,
धक्क्याची लांबी घेताना दिलेलं फितीचं टोक
अजून त्यांच्या मुठीत.
विसरले असावेत. मीही.
दाऊदने वल्हं मारलं,
माझ्या मांडीवरची चकती गरगरत राहिली,
दहा मीटर, वीस, सत्तावीस,
पाण्यावर पिवळी रेघ थरथरत,
तिसाला ताण बसला
तेव्हा कुठे त्यांनी मूठ उघडली.

मी फीत गुंडाळत आणली.
टोक ओलं होतं.
जिभेला लावून पाहिलं :
खारट.