दीड मिलिमीटर

रे रोडच्या गाळ्यात, घोड्यांवर चढवलेली
आमची लाल गाडी. अंग फायबरचं, घरच्या साच्यातलं,
आणि गुडघे टॅक्सीचे:
मोडीत निघालेल्या पद्मिनीचे,
कुर्ल्याहून किलोवर आणलेले.

दळवीचाचांनी चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं.
"प्ले बघ," म्हणाले, "म्हातारीच्या दातासारखा."

बुशांचं रबर बोटानं चुरलं.
बॉल जॉइंट मात्र सुटेना. दोन तास
एक हातोडा इकडून, एक तिकडून, मधोमध शिव्या,
आणि चहा आला तसा ठक्‌कन निघाला,
कुणी हात लावलेला नसताना.

आर्मच्या मागे पत्र्याचा तुकडा.
शिम म्हणून अच्युतनं घातलेला,
त्याच्याच मुंजीत आलेल्या डब्याच्या झाकणाचा.
कोरलेलं नाव कातरीत सापडलेलं:
'अ' गेला होता,
'च्युत' तेवढं उरलं होतं,
काळ्या ग्रीसखाली, सव्वीस वर्षं.

नव्या सामानात शिम होते, चकचकीत, दीड मिलिमीटर.
व्हर्नियर लावला. हेही दीडच.
नजरेनं कापलं होतं लेकानं.
चाचा काही बोलले नाहीत,
फक्त घासलेटाची वाटी पुढे सरकवली.
धुतलं, पुसलं, परत तिथेच बसवलं.

चाकांना सुतळी लावून माप घेतलं,
मग शिवडीपर्यंत एक फेरी.
गतिरोधकावर खडखड नाही,
कानाला उगाच चुकल्यासारखं.

स्टिअरिंग अजून किंचित डावीकडे ओढतं.
तो असता तर म्हणाला असता,
रस्ताच तिरपा आहे.