बिनगाठीचा सांधा

आई सांगायची, लोकरीत गाठ मारायची नाही.
गाठ टोचते, धुतल्यावर वर येते,
शाल अंगठीतून ओढली की नेमकी तिथेच अडते.
धागा संपला तर दोन्ही टोकं उकलायची,
तोंडात धरून ओली करायची,
तळव्यांत घेऊन चोळायची, ऊब येईपर्यंत.
आमच्या अन्स्ट बेटावरच्या सगळ्या शाली अशाच,
बायकांच्या लाळेनं सांधलेल्या,
आणि लंडनच्या बायका त्या गालाला लावायच्या.

माझी गाठ मात्र जिभेच्या मुळाशी निघाली.
डॉक्टर चित्र काढून दाखवत होता,
मी त्याच्या स्वेटरची बाही बघत होते.
कोपरापाशी एक टाका सुटला होता.
सांगावं की नको,
पाऊण तास डोक्यात एवढंच.

रात्रभराची बोट, मग ॲबर्डीन.
सहा आठवडे, तीस वेळा.
चेहऱ्यावर गरम प्लास्टिकची जाळी बसवली,
थंड होता होता ती माझं नाक शिकली.
रोज तिच्याखाली मला टेबलाला खिळवायचे
आणि मी भोकं मोजायचे.
कुणी हातानं विणलेली असती तर म्हटलं असतं,
बाई, टाके फार ढिले पडलेत.

मशीन गुणगुणू लागलं की हात हलवायला बंदी.
मग मनातच घालायचे :
दोन सुलट, धागा पुढे, दोन एकत्र,
दोन सुलट, धागा पुढे...
चौथी ओळ संपते न संपते
तोच दार उघडून मोराग म्हणायची, झालं, ओस्ला.
भीती कुठे गेली म्हणाल, तर कुठेच नाही.
बसलेली असायची पायथ्याशी, मांजरासारखी.
फक्त मी मोजत असले की मांडीवर चढायची नाही.

संध्याकाळी खिडकीत बसायचे,
कमरेला चामड्याचा पट्टा,
उजवी सुई त्याच्या भोकात खोचून.
शेजारच्या खोलीतला मर्डो, लॉरी चालवणारा,
आवाज गेलेला त्याचा तिसऱ्याच आठवड्यात.
दार उघडं ठेवायचा.
एकदा कागदावर लिहून आणलं :
टकटक थांबवू नकोस. टीव्हीपेक्षा बरी आहे.

चौथ्या आठवड्यात गुंडा संपला.
टोकं तोंडात धरली.
काही नाही.
ओहोटीनंतरची वाळू म्हणावं,
तर वाळूलाही थोडी ओल असते.
मोराग म्हणाली, नळाचं पाणी लाव की.
चालतं पाण्यानं, मला का ठाऊक नाही?
पण सुया खाली ठेवल्या आणि पहिल्यांदाच रडले.
डोळ्यांना पाणी होतं, बघा. तोंडाला नव्हतं.

रविवारी गिबी आला,
सॅल्मनच्या पिंजऱ्यांवरून थेट, हातांना तोच वास.
एकतीस वर्षांत या माणसानं
धक्क्यावर चारचौघांत माझा हातसुद्धा धरलेला नाही.
शाल बघितली, लोंबणारी टोकं बघितली.
काही विचारलं नाही.
गळाची दोरी ओली करावी तशी
दोन्ही टोकं तोंडात घातली,
त्या जाड, भेगाळल्या तळव्यांत चोळली,
ओढून पाहिली.
टिकली.
मग म्हणाला, मेंढीची चव लागते,
आणि खिडकीबाहेर बघू लागला.

घरी येऊन आता पाच महिने झाले.
मान अजून कडक, पावाला लोणी दुप्पट.
परवा सकाळी ओटच्या भाकऱ्या भाजत होते,
आणि जिभेखाली, अगदी थोडं,
पाणी सुटलं.
तव्यासमोर तशीच उभी राहिले,
गिळायचं विसरून. एक भाकरी करपली.

गिबीला अजून सांगितलेलं नाही.
गुंडा संपला की टोकं त्याच्यापुढे धरते.
तो चहाचा कप बाजूला ठेवतो,
तोंड उघडतो.